ग्रंथालयातील बालकार्यक्रम आणि उन्हाळी वाचन उपक्रम: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

बालविभागाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा शाळांना सुट्टी लागायला जेमतेम सहा आठवडे उरले होते. घाईघाईत मी सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्यास पारितोषिक देण्याची स्पर्धा जाहीर केली. पहिल्या आठवड्यात देवघेवीच्या टेबलापुढे रांग लागली. चौथ्या आठवड्यात यादीतील पहिली चार-पाच नावे सोडली तर कोणी फिरकेना. जिंकलेल्या मुलाने कमीत कमी पानांची पुस्तके शोधून शोधून नेली होती आणि त्यात त्याचे काही चुकले नव्हते, कारण नियमच मी तसा केला होता. जादूच्या प्रयोगालाही सभागृह भरले, पण प्रयोग संपताच मुले पाठीमागच्या दाराने रिकाम्या हातांनी घरी गेली. त्या उन्हाळ्यापासून मी एकच कसोटी लावत आलो आहे: ग्रंथालयातील मुलांचा प्रत्येक कार्यक्रम पुस्तकांच्या कपाटापाशी संपला पाहिजे. पुढील सर्व टप्पे त्याच कसोटीवर घासून घेतलेले आहेत.

१. सुट्टीच्या चार-पाच महिने आधी कामाला लागा

सुरुवात कार्यक्रमांच्या यादीपासून करू नका. आधी एका कागदावर दोन वाक्ये लिहा: हा उपक्रम कोणत्या मुलांसाठी आहे आणि सुट्टी संपल्यावर त्यांच्यात कोणता बदल दिसावा. 'वाचनाची गोडी लावणे' असे लिहिले तर त्यावरून पुढचा एकही निर्णय घेता येत नाही. 'नोंदणी केलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी सुट्टीत किमान तीन वेळा स्वतः पुस्तक बदलून न्यावे' असे लिहिले, तर पुस्तके किती लागतील, नोंद कशाची ठेवायची आणि पैसा कुठे खर्च करायचा हे आपोआप ठरू लागते.

वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवताना थोडा आधार हवा असतो. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी अमेरिकेतील अटलांटा शहरातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांची संख्या आणि शब्दसंग्रहातील वाढ यांचा सातत्याने संबंध आढळला. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाची, म्हणजे इफ्लाची, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ग्रंथालय सेवेविषयीची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वेही सोबत जोडावीत.

अंदाजपत्रकाबद्दल एवढेच सांगतो की सर्वांत मोठा वाटा पुस्तकांच्या जादा प्रतींसाठी राखावा. सजावटीचा खर्च नेहमी अंदाजापेक्षा वाढतो आणि पुस्तकांचा खर्च नेहमी कापला जातो, म्हणून पुस्तकांची मागणी आधी नोंदवून मोकळे व्हावे.

२. वयोगट ठरवा आणि त्यावर ठाम राहा

'सर्व वयोगटांसाठी' असा कार्यक्रम ठेवला की चार वर्षांचे मूल घाबरते आणि अकरा वर्षांचे कंटाळते. पुढील विभागणी व्यवहारात टिकते:

- दोन वर्षांपर्यंतची बाळे, पालकांच्या मांडीवर: पंधरा ते वीस मिनिटे
- तीन ते पाच वर्षे: सुमारे अर्धा तास
- सहा ते आठ वर्षे: पाऊण तास
- नऊ ते बारा वर्षे: एक ते सव्वा तास
- तेरा वर्षांपुढील मुले: वेळ त्यांनाच ठरवू द्यावी

भावंडे एकत्र येतात, ही अडचण खरी आहे. धाकट्या मुलाला सोबत बसू द्यावे, पण कार्यक्रम मोठ्याच्या वयाचाच ठेवावा आणि धाकट्यासाठी मागे चटईवर जाड पुठ्ठ्याची पुस्तके मांडून ठेवावीत.

३. पुस्तके आधी, पोस्टर नंतर

उपक्रमाचा विषय जाहीर करण्यापूर्वी त्या विषयाची पुस्तके कपाटात किती आहेत हे स्वतः मोजा. मी एकदा समुद्र हा विषय घेतला, भिंतभर मासे रंगवून घेतले आणि पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत समुद्रावरची आमची सगळी पुस्तके संपली. उरलेले सात आठवडे मुले त्या भिंतीवरच्या माशांकडे पाहत होती. आता मी विषय मोकळा ठेवतो आणि दर आठवड्याला मांडणी बदलतो.

मोजणीत पुढील गोष्टी विसरल्या जातात: चित्रकथा, विनोद आणि कोड्यांची पुस्तके, प्राणी, यंत्रे आणि अवकाश यांविषयीची माहितीपर पुस्तके, मोठ्या अक्षरांतील आणि ब्रेल प्रती, तसेच श्राव्य पुस्तके. कथा न आवडणारी पुष्कळ मुले माहितीपर पुस्तके मात्र आवडीने नेतात. ज्या मालिकांना मागणी आहे त्यांचा पहिला भाग किमान तीन-चार प्रतींत असावा, कारण पहिला भाग मिळाला नाही की ते मूल पुढच्या भागांकडे वळतच नाही.

पुस्तके नुसता कणा दिसेल अशी उभी न लावता मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडणी करा. वाचता न येणारे किंवा नुकते वाचू लागलेले मूल चित्र पाहून पुस्तक निवडते. पुस्तकाच्या कण्यावरची बारीक अक्षरे त्याच्यासाठी नसल्यासारखीच असतात. कपाटाचा सर्वांत वरचा कप्पाही मुलाच्या हाताला लागायला हवा.

४. वाचनाचा नियम: येथे सर्वाधिक विचार करा

संपूर्ण उपक्रम या एका नियमावर उभा राहतो किंवा कोसळतो. मोजायचे काय, याला चार पर्याय असतात: पुस्तके, पाने, मिनिटे किंवा दिवस.

पुस्तके मोजली तर पातळ पुस्तकांना मागणी येते आणि तीनशे पानांची कादंबरी वाचणारी मुलगी मागे पडते. पाने मोजली तर चित्रपुस्तके वाचणाऱ्या लहानांवर अन्याय होतो. मिनिटे मोजली तर हळू आणि भरभर वाचणारे दोघेही एका पातळीवर येतात, पण घराघरांत घड्याळ लावून बसवण्याचा प्रकार सुरू होतो आणि वाचन हा गृहपाठ बनतो. मला शेवटी दिवस मोजणे सर्वांत बरे वाटले: ज्या दिवशी मुलाने काहीही वाचले, ऐकले किंवा कोणाला वाचून दाखवले, त्या दिवशी कार्डावरचा एक चौकोन रंगवायचा. आठ आठवड्यांत तीस चौकोन पुरेसे आहेत. म्हणजे आजारपण, प्रवास आणि नुसता आळस यांना मिळून जवळपास निम्मे दिवस मोकळे राहतात.

पुस्तकेच मोजायची असतील तर आकडा लहान ठेवावा. ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयांत १९९९ पासून चालणाऱ्या उन्हाळी वाचन उपक्रमाने दीर्घकाळ सहा पुस्तकांचे उद्दिष्ट ठेवले. नव्या माणसाला हा आकडा फारच कमी वाटतो. परंतु घरात एकही पुस्तक नसलेल्या मुलासाठी सहा पुस्तके म्हणजे ग्रंथालयाच्या किमान दोन-तीन फेऱ्या असतात, आणि आपल्याला त्या फेऱ्याच हव्या आहेत.

काय 'वाचन' धरायचे हे कार्डावर स्पष्ट छापा. चित्रकथा, मासिके, श्राव्य पुस्तके, घरच्या भाषेतील कोणतेही पुस्तक, मोठ्यांनी वाचून दाखवलेले पुस्तक आणि तेच पुस्तक पुन्हा वाचणे, हे सर्व चालते. अर्धवट सोडलेले पुस्तकही चालते. यावर पालक हमखास हरकत घेतात; त्यांना शांतपणे सांगावे की न आवडलेले पुस्तक खाली ठेवून दुसरे उचलणे हासुद्धा वाचकाने शिकायचाच भाग आहे.

निवड मुलाचीच असावी. रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब वस्तीतील मुलांना सलग तीन उन्हाळे दर वर्षी त्यांनीच निवडलेली बारा पुस्तके दिली होती आणि त्यांच्या वाचनक्षमतेत फरक दिसून आला होता. शाळेने पाठवलेली अनिवार्य यादी आमच्याकडेही येते. ती मी टेबलापाशी ठेवतो, मागणाऱ्याला दाखवतो, पण उपक्रमाच्या कार्डावर छापत नाही.

सभासदत्वाचा अडथळा येथेच दूर करावा. जुना दंड थकल्यामुळे कार्ड गोठवलेले मूल नोंदणीच्या दिवशी टेबलावरून परत फिरते आणि पुन्हा येत नाही. दंड माफ करण्याचा अधिकार आपल्याला नसेल, तर सुट्टीपुरती मुलांची कार्डे खुली ठेवण्याची लेखी परवानगी वरिष्ठांकडून आधीच घ्यावी.

५. बक्षिसे

याबाबत मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे तीन गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला न सांगता दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर आधी सांगून बक्षीस दिलेली मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढत होती.

यावरून बक्षिसे बंदच करावीत असे मी म्हणणार नाही, कारण कपाटाजवळ कधी न आलेल्या मुलाला काहीतरी निमित्त लागते. माझा तोडगा असा की बक्षीस लहान असावे, सर्वांना सारखे असावे आणि शक्यतो पुस्तकच असावे. नोंदणीच्या दिवशीच एक पुस्तक कायमचे भेट देता आले तर फारच उत्तम. क्रमवारीचा फलक भिंतीवर लावू नका. त्याऐवजी सर्वांचे मिळून एक लक्ष्य ठेवा: प्रत्येक मुलाने कार्ड दाखवायला आल्यावर मोठ्या कागदी झाडाला एक पान चिकटवायचे. सुट्टीअखेर झाड भरते आणि कोणते पान कोणाचे हे कोणी विचारत नाही.

६. कागदपत्रे, साहित्य आणि सुरक्षितता

हा भाग नीरस आहे, परंतु येथील चूक पुढे सर्वांत महाग पडते. पहिल्या कार्यक्रमापूर्वी पुढील कागदपत्रे एका फाइलमध्ये तयार असावीत:

- उपक्रमाचा मंजूर प्रस्ताव आणि अंदाजपत्रक
- नोंदणीपत्रक: मुलाचे नाव, वय, पालकांचा संपर्क, तातडीचा संपर्क, विशेष गरजा. याहून अधिक माहिती मागू नये.
- छायाचित्रासाठी स्वतंत्र संमतीपत्र. ते नोंदणीपत्रकातच घुसडले तर पालक न वाचता सही करतात.
- मुलाला घरी नेण्यास कोण येणार, याची नोंद
- स्वयंसेवकांची माहिती, पडताळणीची कागदपत्रे आणि कामाचा तक्ता
- हजेरीपत्रक आणि अपघात नोंदवही
- पाहुण्या कलाकारांशी झालेला लेखी करार, ज्यात रद्द झाल्यास काय करायचे हेही असावे
- चित्रपट दाखवायचा असल्यास सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना

साहित्यात चटया, बोथट टोकाच्या कात्र्या, डावखुऱ्या मुलांसाठी वेगळ्या दोन कात्र्या, प्रथमोपचार पेटी, नावाच्या चिठ्ठ्या, ओल्या फडक्यांचा गठ्ठा आणि हाताने वाजवायची एक छोटी घंटा एवढे असले की काम भागते.

खोलीत कोणत्याही वेळी किमान दोन प्रौढ असावेत, हा नियम एकाही अपवादाशिवाय पाळावा. तीन वर्षांखालील मुले असतील तर टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतील पुठ्ठ्याच्या पोकळ नळीतून आरपार जाणारी कोणतीही वस्तू त्यांच्या हाती देऊ नये, कारण ती घशात अडकू शकते. खाद्यपदार्थ ठेवू नयेत; ॲलर्जीची जोखीम घेण्याएवढा त्यांचा उपयोग नाही.

आणखी एक सापळा: खोलीत बसून पुस्तक मोठ्याने वाचणे आणि त्याचे चित्रमुद्रण करून इंटरनेटवर टाकणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी.

७. गोष्टीचा तास

बालविभागाचा कणा हाच आहे. तीन ते पाच वर्षांच्या गटासाठी मी पुढील क्रम वापरतो. प्रत्येक वेळी तेच स्वागतगीत, त्यानंतर लगेच सर्वांत मोठी गोष्ट, मग उठून हातपाय हलवण्याचा खेळ, मग लहान गोष्ट, बोटांचा खेळ किंवा बडबडगीत, आणि शेवटी तेच निरोपाचे गीत. लांबलचक गोष्ट शेवटी ठेवण्याची चूक प्रत्येक जण एकदा करतो. पंचवीस मिनिटांनंतर मुलांचे लक्ष कुठे जाते ते पाहिले की पुन्हा करत नाही.

पुस्तक निवडताना ते टेबलावर उभे ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून चित्र कळत नसेल तर पुस्तक कितीही सुंदर असले तरी ते या तासासाठी नाही. ते मांडीवर घेऊन वाचायचे पुस्तक आहे. निवडलेले पुस्तक आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचा. वाचताना ते खांद्याच्या बाजूला, मुलांकडे चित्र करून धरा आणि आपण तिरक्या नजरेने वाचा. पान उलटल्यावर लगेच बोलू नका. चित्र पाहायला मुलांना तीन-चार सेकंद द्या.

मध्येच प्रश्न विचारावेत का, यावर मतभेद आहेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेल्या संवादी वाचनपद्धतीत प्रौढ व्यक्ती मुलाला काहीतरी विचारते, त्याच्या उत्तराला दाद देते, त्यात एक-दोन शब्दांची भर घालते आणि वाढवलेले वाक्य त्याच्याकडून वदवून घेते. मूल 'गाडी' म्हणाले, तर आपण 'हो, मोठी लाल गाडी' म्हणायचे. दोन-तीन मुलांत ही पद्धत अतिशय परिणामकारक ठरते, पण वीस मुलांच्या गटात प्रत्येक पानावर प्रश्न विचारले की गोष्टीचा धागाच तुटतो. म्हणून मी मोठ्या गटात एका पुस्तकात दोनच जागी थांबतो आणि पालकांना ही पद्धत घरी वापरायला शिकवतो.

पालकांसाठी दर वेळी एकच वाक्य राखून ठेवावे. अमेरिकी ग्रंथालयांच्या, अजून वाचू न लागलेल्या मुलांसाठीच्या उपक्रमात बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे आणि खेळणे अशा पाच सवयी सांगितल्या आहेत. त्यांपैकी एकीविषयी एक वाक्य पुरे होते. मोबाइल बाजूला ठेवण्याची विनंती मात्र पहिल्याच दिवशी, हसून आणि स्पष्टपणे करावी.

मूल रडले, उठून फिरू लागले तर थांबू नका. फिरणारे मूलही ऐकत असते. एकदा पाठमोरा बसून संपूर्ण वेळ चटईचे धागे उपटणाऱ्या मुलाच्या आईने पुढच्या आठवड्यात सांगितले की घरी जाऊन त्याने सगळी गोष्ट आजीला हावभावांसह करून दाखवली.

निरोपाचे गीत झाल्यावर खोली बंद करू नका. पुढची वीस मिनिटे वेळापत्रकातच 'पुस्तक निवडण्याची वेळ' म्हणून लिहा. वाचलेल्या पुस्तकांच्या जादा प्रती आणि त्याच धाटणीची दहा-बारा पुस्तके दाराजवळ मांडा आणि स्वतः तिथे जमिनीवर बसा. देवघेवीचे टेबल दूर असेल तर त्या वेळेपुरते ते जवळ आणा.

८. मोठ्या मुलांचे कार्यक्रम

सहा वर्षांपुढे हस्तकला, विज्ञानाचे प्रयोग, नाट्यवाचन, चित्रकथा-लेखन, कोडी असे पुष्कळ काही करता येते. कोणताही प्रयोग किंवा हस्तकला आदल्या दिवशी स्वतः, घड्याळ लावून करून पाहावी. आपल्याला दहा मिनिटे लागली तर मुलांना पंचवीस लागतात. जागा मर्यादित असल्यास नोंदणी घ्यावी, पण नोंदणी विनामूल्य असली की बरेच जण येत नाहीत, म्हणून प्रतीक्षायादी ठेवावी.

कार्यक्रम कपाटाशी जोडण्याची युक्ती साधी आहे: कृतीची शेवटची पायरी पुस्तकात सापडेल अशी ठेवा. कागदी विमाने बनवण्याच्या वर्गात तीन विमाने शिकवा आणि चौथे ज्या पुस्तकात आहे त्याच्या सहा प्रती टेबलावर ठेवा. पाहुण्या कलाकारालाही आधीच सांगा की शेवटची पाच मिनिटे त्याने आपल्या आवडत्या पुस्तकांविषयी बोलायचे आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या जादूगाराला मी हे सांगितले असते, तर तो आनंदाने बोलला असता.

एक स्वस्त आणि हमखास जमणारा कार्यक्रम म्हणजे खेळण्यांची रात्र. मुले आपले मऊ खेळणे ग्रंथालयात ठेवून जातात. रात्री कर्मचारी त्या खेळण्यांची पुस्तके चाळतानाची छायाचित्रे काढतात आणि सकाळी मुलाला छायाचित्रासोबत 'त्याच्या अस्वलाने निवडलेले' पुस्तक मिळते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात असे दिसले की त्यानंतर मुले आपल्या खेळण्यांना पुस्तके दाखवू लागली. काही दिवसांत तो उत्साह ओसरला, पण आठवण करून दिल्यावर परत आला. म्हणून ते छायाचित्र घरी देण्याआधी एक प्रत जपून ठेवा आणि महिन्याने पालकांना पुन्हा पाठवा. प्रत्येक खेळण्याला नावाची चिठ्ठी बांधायला मात्र विसरू नका.

९. जी मुले येत नाहीत, त्यांच्यापर्यंत जा

ग्रंथालयात येणारी मुले बहुधा आधीपासून वाचणारीच असतात. शाळा सुटण्याच्या शेवटच्या आठवड्यात वर्गावर्गांत जाऊन तिथेच नोंदणी करून घ्यावी. पालक कामावर जात असलेल्या मुलांसाठी दुपारचे कार्यक्रम निरुपयोगी असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ राखावी. रुग्णालय, पाळणाघर, निवारागृह अशा ठिकाणी पुस्तकांची पेटी ठेवावी आणि त्यातील काही पुस्तके हरवणार हे गृहीत धरून ती वेगळ्या नोंदवहीत घालावीत.

१०. तिसऱ्या आठवड्याची घसरण

उपस्थिती जवळजवळ दर वर्षी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घसरते. त्या वेळेसाठी काहीतरी हाती राखून ठेवावे: नव्या पुस्तकांची पेटी तेव्हाच उघडावी, कार्डाच्या मध्यावर एक छोटी भेट ठेवावी, न आलेल्या मुलांच्या पालकांना एक संदेश पाठवावा. उशिरा नोंदणी करणाऱ्याला कधीही परत पाठवू नका. त्याच्या कार्डावरचे चौकोन कमी करून द्या.

किशोरवयीन स्वयंसेवकांचा या काळात फार उपयोग होतो. त्यांना खुर्च्या लावण्यापुरते ठेवू नका. कार्ड दाखवायला आलेल्या लहान मुलाला 'यात तुला काय आवडलं?' हा एक प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्याकडे द्या. आमच्याकडे काही मुले केवळ ते सांगायला येत.

११. सुट्टी संपल्यावर

उपस्थितीचा एकूण आकडा अहवालात शोभून दिसतो, पण तो फसवा असतो. एकच मूल दहा कार्यक्रमांना आले तरी दहा मोजले जाते. त्याऐवजी चार आकडे ठेवा: किती मुलांनी नोंदणी केली, त्यांतील किती जण दुसऱ्यांदा आले, किती जणांनी कार्ड पूर्ण केले आणि शाळा सुरू झाल्यानंतरच्या महिन्यात त्यांपैकी किती जणांनी पुस्तक नेले. शेवटचा आकडा काढायला थोडे कष्ट पडतात आणि तो सहसा कोणी मागत नाही, तरीही तो काढावा. मुलांची वैयक्तिक माहिती असलेली पत्रके मुदत संपताच नष्ट करावीत.

शेवटच्या कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत एक तास बसून काय फसले ते लिहून काढा. महिना गेला की सगळेच छान झाल्यासारखे वाटू लागते. कोणती पुस्तके सतत बाहेर होती आणि कोणती सगळी सुट्टीभर जागची हलली नाहीत, याच्या दोन याद्या त्याच कागदामागे जोडा. पुढच्या वर्षीच्या पुस्तकखरेदीची मागणी लिहायला बसाल तेव्हा तो कागद सर्वांत वर ठेवा.